सोळा आण्यांची साखळी

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. बैल घेणारा माणूस आधी दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो आणि मग विकणाऱ्याला सहज विचारल्यासारखे विचारतो, ‘‘रान किती हाय तुमचं?’’ त्याला एकराचा आकडा नको असतो. ही जोडी किती रान ओढून आली आहे, ते त्याला हवे असते. जुनी माणसे उत्तरही तसेच देत, ‘‘एका औताचं.’’ कोणी ‘दोन औतांचं’ म्हणाला, की समोरचा जरा सावरून बोलू लागे.

बैलाच्या दमावर जमीन मोजायची ही रीत आपल्याला अडाणीपणाची वाटते. पण इंग्रज सरकारने आपल्या मुलखातली शेते साखळी लावून मोजली, तेव्हा एका सर्व्हे नंबरात किती जमीन घालायची हे ठरवताना त्यांनीही बैलालाच विचारले. एका बैलजोडीला वाहता येईल एवढे रान म्हणजे एक नंबर. हलकी कोरडवाहू असेल तर २० एकर, मध्यम असेल तर १५, भारी काळी असेल तर १२ आणि भाताची खाचरे असतील तर ४. तुमच्या-माझ्या सातबाऱ्यामागे असा एक बैल उभा आहे.

जमीन मोजण्याचा इतिहास सांगताना आपण साधनांची नावे एकामागून एक घेत जातो. दोर, काठी, साखळी, दुर्बीण, उपग्रह. मला मात्र प्रत्येक साधनापाशी एकच प्रश्न विचारावासा वाटतो. त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते? कारण मोजणीला नेहमी दोन माणसे लागतात, आणि दोघांचा स्वार्थ एक नसतो.

दोरापासून सुरुवात करू. नाईल नदीचा पूर ओसरला, की इजिप्तमधली शेते पुन्हा आखावी लागत. गाठी मारलेला दोर ताणून शेत मोजणारी माणसे तिथल्या सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात भिंतीवर रंगवलेली आहेत. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याच्या शास्त्राला ‘शुल्बसूत्रे’ म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. पण दोराला एक खोड आहे. तो सकाळी दवाने भिजला की आखडतो, दुपारी वाळला की लांबतो. आखडलेल्या दोराने मोजले तर त्याच शेतात बिघे जास्त भरतात, म्हणजे साराही जास्त. हवामानाचा हा फायदा कोण उठवत असेल, हे सांगायला नको. अकबराच्या दरबारात ही लबाडी ध्यानात आली, आणि १५७५ च्या सुमारास दोराच्या जागी बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडून केलेली जरीब आली. बांबू दवाला भीक घालत नाही. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त याची नोंद करून ठेवली आहे, आणि ती वाचताना मला नेहमी वाटते, की एका साम्राज्याच्या दफ्तरात शेतकऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या फार थोड्या वाक्यांपैकी ही असावीत.

आपल्या नगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने गावे इजाऱ्याने देण्याची पद्धत मोडली आणि पाटील-कुळकर्ण्यांना जबाबदार धरून सारा बांधला. १६२६ साली तो गेला. पण त्याच्या नावाने चालणारा तनखा जुन्या दफ्तरांत इतका टिकला, की दोनशे वर्षांनी आलेले इंग्रज अधिकारीही त्याचीच चौकशी करत होते. नगरची सत्ता मोगलांकडे गेल्यावर, औरंगजेब शहजादा म्हणून दख्खनचा सुभेदार होता त्या काळात, म्हणजे १६५० नंतरच्या दशकात, मुर्शिद कुली खान हा त्याचा दिवाण होता. लढायांनी आणि दुष्काळांनी मुलूख ओस पडलेला. त्याने तगाई दिली, गावे पुन्हा वसवली आणि मोजणी सुरू केली. त्याच्याविषयी ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथात एक गोष्ट येते. मोजणीच्या वेळी हा दिवाण पुष्कळदा दोराचे एक टोक स्वतःच्या हातात धरत असे. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस ढेकळांत उतरून दोर का धरेल? खालच्या माणसांच्या हातात तो दोर काय काय करतो, हे त्याला ठाऊक होते म्हणून.

शिवशाहीत माप पुन्हा शरीराकडे आले. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. सभासदाने आपल्या बखरीत हिशेब दिला आहे. हात चौदा तसूंचा, आणि काठी एकूण ८२ तसूंची. वीस काठ्या लांब नि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. हात आणि मूठ म्हटले, की कोणाचा हात, कोणाची मूठ, असा प्रश्न येतोच. म्हणून तर तसूंची गणती ठरवून द्यावी लागली. ठेंगण्या अंमलदाराच्या गावाला मोठा सारा आणि उंच अंमलदाराच्या गावाला सवलत, असे होऊ नये!

इथे भाषेचे थोडे सांगतो, कारण ते माझे रान आहे. ‘शीव’ हा शब्द आपला घरचा, सीमेपासून आलेला. ‘हद्द’ अरबी. जमीन, मौजे, नकाशा, दफ्तर, हक्क, कब्जा हे सगळे बाहेरून आले आणि इथल्या मातीत मुरले. बांध, औत, मळई, बरड, चोपण हे आधीपासून इथेच होते. ज्या श्रीगोंद्यात शेख महंमद बाबांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्या तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला यातला कुठला शब्द कुठून आला हे विचारून पाहा. तो हसेल. भांडण शिवेचे असो की हद्दीचे, त्याला ते सारखेच भोवते.

शिवेचे भांडण पूर्वी काठीने मिटत नसे. गोत जमे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. आणि गावाची शीव नेमकी कुठून जाते हे सांगण्याचा मान गावकीतल्या महाराचा असे. शीव राखणे हे त्याचे वतनाचे काम. ओढा, जुने झाड, पुरलेला दगड त्याच्या पायांना पाठ असत. तो पुढे चाले आणि दोन्ही गावे मागून चालत. ज्याचे घर वेशीच्या आत चालत नव्हते, त्याचा शब्द गावाच्या हद्दीला प्रमाण होता. आपल्या समाजाच्या या व्यवस्थेबद्दल मला जे वाटते ते सौम्य शब्दांत मांडता येण्यासारखे नाही, म्हणून पुढे जातो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या सरकारला पैसा हवा होता आणि तो शास्त्रशुद्ध मार्गाने हवा होता. प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात पुणे आणि आसपासच्या मुलखाची मोजणी आणि प्रतवारी केली. कल्पना मोठी तर्कशुद्ध होती. प्रत्येक जातीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, खर्च वजा करायचा, निव्वळ नफ्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा. पण उत्पन्नाचे आकडे गोळा करणारी माणसे खालची. कुठे लाच चालली, कुठे दडपशाही, कुठे नुसता अंदाजपंचे कारभार. सारा असा बसला, की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. काष्टीहून दौंडकडे निघालात की भीमा आडवी येते. तिच्या पलीकडच्या तीराने खाली गेले की इंदापूर. त्या तालुक्याची फार वाईट अवस्था झाली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड हा अधिकारी तिथे गेला, त्याच्या जोडीला विंगेट हा लष्करातला इंजिनियर आला, आणि दोघांनी हा पसारा पुन्हा उलगडला. बऱ्याच ठिकाणी प्रिंगलची मोजणी त्यांनी राखली. टाकून दिली ती प्रतवारी. साखळीने फारशी चूक केली नव्हती. चूक होती ती साखळी गुंडाळून ठेवल्यावर लिहिलेल्या आकड्यांत.

१८४० आणि १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालांतून जी पद्धत बसली, तिच्यावर आपले जमिनीचे दफ्तर अजून उभे आहे. तिची साखळी ३३ फुटांची. इंग्लंडात एडमंड गंटर याने १६२० साली ६६ फुटांची साखळी काढली होती, तिच्या बरोबर निम्मी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, आपला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आणि या साखळीचे भाग किती पाडले? सोळा. त्यांना नाव दिले आणे. एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. रुपयाचे सोळा आणे, साखळीचे सोळा आणे. जमिनीचा कसही आण्यांतच. पावणेदोन हात खोल, निर्दोष, उत्तम काळी माती असेल तर सोळा आणे जमीन. खोली कमी होत गेली की चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार असे उतरत जायचे. मुरमाड माती असेल तर तळाला दोन आण्यांपर्यंत. चुनखडी आहे, उतार आहे, वाळू आहे, पाणी साचते आहे, अशा प्रत्येक दोषाला एक एक पायरी खाली. प्रतवारी करणारा माणूस पहारीने माती उकरून पाहायचा. पुढे पिकाचा अंदाजही आण्यांतच होऊ लागला आणि त्याला आणेवारी म्हणू लागले. नाण्यांतून आणे गेले आणि कागदावर आता पैसेवारी आली. तरी गावात माणसे ‘सोळा आणे खरं’ म्हणतातच.

साखळीच्या जोडीला शंकू. काठीवर बसवलेला लाकडी ठोकळा, त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळीने सरळ रेषा धरायची. मग बांधाच्या प्रत्येक वळणासमोर शंकू रोवायचा, एका फटीतून मूळ रेषा पाहायची, दुसऱ्या फटीतून बांधाचा कोपरा. तो कोपरा किती साखळ्या, किती आणे दूर, हे टिपून घ्यायचे. वेडेवाकडे शेत अशा रीतीने सरळ त्रिकोणांत आणि चौकोनांत बसते, आणि गुणाकार-बेरीज करून क्षेत्र निघते. या टिपून घेण्यालाच टिपण म्हणतात. टिपणातले चित्र प्रमाणात नसते. आकडे खरे, चित्र हाताने काढलेले. एखाद्या लेकराने आईचे चित्र काढावे आणि खाली तिची उंची मात्र बरोबर लिहावी, तसे.

याच काळात देशात दुसरीही एक मोठी मोजणी चालली होती, तिचा गावच्या बांधाशी संबंध नव्हता. १८०२ साली मद्रासेत विल्यम लॅम्बटनने ती सुरू केली. पृथ्वीचा आकार किती, हा त्याचा प्रश्न. त्याच्याजवळचे कोन मोजायचे यंत्र अर्ध्या टनाचे होते, आणि पोलादी साखळी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठवलेल्या सामानातली, तिथे नाकारली गेलेली. मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे या मोजणीची नाजूक यंत्रे दुरुस्त करण्याचे काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन या कारागिराने इतक्या सफाईने केले, की त्याचा वरिष्ठ एव्हरेस्ट त्याची शिफारस करताना थकत नसे. शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. असो. सांगायचे ते हे, की या मोजणीने डोंगरमाथे अक्षांश-रेखांशांत नेमके बसवले. पण आपल्या शेताचे टिपण आपल्यापुरतेच राहिले. शेजारच्या बांधाशी त्याचे नाते होते, पृथ्वीशी नव्हते. ही गोष्ट पुढे लागेल, लक्षात ठेवा.

मोजणीने शेतकऱ्याला एक चांगली गोष्ट दिली. तीस वर्षे सारा बदलणार नाही, हा भरवसा. विहीर काढली म्हणून दुसऱ्या वर्षी सारा वाढणार नाही. पण तिने जमिनीला नंबरही दिला. ‘ओढ्याकाठचं रान’, ‘चिंचेखालची पट्टी’ याला गहाणखतात धरणे अवघड होते. नंबर, एकर, गुंठे आणि आकार लिहिलेली जमीन मात्र एका कागदावर येते. तो कागद सावकाराच्या पेटीत जाऊ लागला. तीस वर्षे संपली तेव्हा, म्हणजे १८६७ पासून, फेरमोजणीत सारे वाढले. कापसाची तेजी ओसरली होती. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि आग पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या आपल्या तालुक्यांत पोचली. दंगेखोरांनी सावकाराकडे काय मागितले? दागिने नव्हे. रोखे आणि खते मागितली, आणि ती जाळली. जमीन आता कागदात राहते, हे अक्षरशत्रू माणसांना इतके नेमके कळले होते. १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा आला, तो या आगीतून.

आता बांधाकडे येऊ, कारण आपल्या आयुष्यात मोजणीचा प्रश्न येतो तो तिथे. साखळी लोखंडाची असली, तरी तिची कडी वापरून झिजतात आणि ती लांबते. ३३ फुटांची साखळी दोन इंच लांबली असेल, तर दहा साखळ्यांच्या बांधावर वीस इंचांचा फरक. कागदावर कमी, जमिनीवर जास्त. शिवाय दर वर्षी नांगरताना एक तास पलीकडे. याला आपल्याकडे बांध कोरणे म्हणतात, आणि ही कला जाणणारे प्रत्येक गावात असतात. दहा साखळ्यांचा बांध एका फुटाने कोरला तर ३३० चौरस फूट गेले, जवळजवळ गुंठ्याचा तिसरा हिस्सा. घोडचे पाणी आले, ऊस आला, रस्त्याकडेच्या गुंठ्याला भाव आला, आणि त्या तिसऱ्या हिश्श्यासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या एकाच बाकावर दोन टोकांना बसू लागले.

वाटण्यांनी गुंता वाढवला. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने बीजगणिताचे पुस्तक लिहिले. त्यात जमीन मोजण्याचे एक प्रकरण आहे आणि वारसाहक्काच्या वाटण्यांचा मोठा भाग आहे. म्हणजे ज्या गणिताने शाळेत आपल्याला रडवले, ते भावंडांना न रडवता रान वाटता यावे यासाठीही कामाला आले होते. आमच्या शरियतच्या हिशेबाने एक उदाहरण घ्या. बाप गेला. मागे त्याची बायको, दोन मुलगे, एक मुलगी. रान एक एकर. बायकोचा आठवा हिस्सा म्हणजे ५ गुंठे. उरले ३५. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, असे पाच वाटे करायचे. मुलांचे चौदा-चौदा गुंठे, मुलीचे सात. ४० गुंठ्यांत हिशेब कसा चोख बसतो पाहा, एक कवडी शिल्लक नाही. प्रत्यक्षात काय होते? मुलीचे सात गुंठे मोजायला साखळी सहसा जातच नाही. भावांच्या मायेपोटी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतले जाते. या एका बाबतीत आमच्या घरांत आणि शेजारच्या हिंदू घरांत मला काडीचा फरक दिसलेला नाही, कायदे दोघांचे वेगळे असूनही.

तुकडे फार झाले म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतू चांगला होता. पण पुष्कळ ठिकाणी कागद बदलले आणि माणसे होती तिथेच वाहत राहिली. याचे नाव त्याच्या गटावर, त्याची वहिवाट याच्या गटात. ही अदलाबदल इतकी सार्वत्रिक निघाली, की २०२३ साली राज्य सरकारला ‘सलोखा’ नावाची योजना काढावी लागली. बारा वर्षे एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्यांनी संमतीने कागद बदलून घ्यावेत, मुद्रांकाचे एक हजार रुपये आणि नोंदणीचे एक हजार. इतकी स्वस्त तडजोड, आणि तरी ‘आधी त्यानं यावं’ म्हणून दोघेही घरी बसलेले मी पाहिले आहेत.

फलकयंत्र आले, म्हणजे तिपाईवर लाकडी पाट, त्यावर कागद आणि नेम धरायची पट्टी. त्याने शेतातच प्रमाणात नकाशा काढता येऊ लागला. मग विजेवर चालणारी टोटल स्टेशन आली आणि आता रोव्हर आले आहेत. काठीला लावलेली तबकडी उपग्रहांशी बोलते आणि काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगते. गावठाणावर ड्रोन फिरतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी हा प्रयोग झाला आणि २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत तो देशभर गेला. गावठाण तोवर मोजलेच का गेले नव्हते? तिथे शेतसारा नव्हता म्हणून. जिथे वसुली नाही, तिथे साखळी कशाला जाईल? मोजणीच्या अर्जांचे प्रकारही आता आटोपशीर झालेत. आता-आतापर्यंत ते साधी, तातडीची, अतितातडीची आणि अतिअतितातडीची असे होते. मराठीत याच्यापुढे शब्द उरला नव्हता म्हणून ते थांबले असावेत.

पण रोव्हरची अडचण मी मघाशी सांगून ठेवली आहे. यंत्र अक्षांश-रेखांशांत बोलते, आणि जुने टिपण साखळी-आण्यांत. टिपणाला पृथ्वीवर आपली जागा ठाऊक नाही, फक्त शेजारी ठाऊक आहेत. त्या दोघांची गाठ घालायला जमिनीवर एखादी खात्रीची जुनी खूण सापडावी लागते. म्हणून मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात, सगळे बांधावर जमतात, आणि तिपाई उभी करण्याआधी मोजणीदार विचारतो, ‘‘जुना दगड कुठं आहे?’’ पोरे एकमेकांकडे पाहतात. मग कोणीतरी मोटारसायकल काढून गावात जातो आणि ऐंशीच्या पुढच्या एखाद्या म्हाताऱ्याला मागे बसवून आणतो. म्हातारा उतरतो, डोळ्यांवर हात धरून ओढ्याकडे पाहतो, बाभळीकडे पाहतो, काठी टेकत चालू लागतो. दोन्ही बाजूचे लोक त्याच्या मागून चालतात. एका ठिकाणी थांबून तो काठीने माती उकरतो आणि म्हणतो, ‘‘हितं खांदा.’’